भुजंगरावाचे अळणी रविवार

भुजंगराव रस्त्यावर आडवा पडून झटके खात होता आणि मी त्याच्या तोंडात पाणी ओतत होते. दात घट्ट आवळलेले. पाणी आत जात नव्हतं. गालावरून कानात आणि कानातून डांबरावर वाहत होतं. डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत नुसतं पांढरं दिसत होतं. शेजारी त्याची काळी सायकल पडली होती आणि तिच्या दांडीला बांधलेला पाण्याचा पितळी कूजा चेपला होता.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मीठ होतं. वेदारण्यमच्या अलीकडे दूरवर मिठागरंच आहेत. माणसापेक्षा उंच ढीग, वरून ताडाच्या झावळ्या टाकलेल्या. अंगातलं मीठ संपलेला माणूस मिठाच्या ढिगाशेजारी पडला होता आणि आम्ही सगळे शहाणे त्याला पाणी पाजत होतो. "अजून आणा, अजून आणा," असं सगळे ओरडत होते. मीही ओरडत होते.

दोष द्यायचा तर त्यालाच. पाणी म्हणजे सगळ्यावर औषध, हे आमच्या डोक्यात त्यानेच भरलं होतं.

भुजंगराव माझा दीर. मी लग्न होऊन तंजावुरात आले तेव्हा तो चड्डीत होता. मग शिकला, पाटबंधारे खात्यात लागला, पँट घातली. सत्तरीला टेकल्यावर पुन्हा चड्डीत आला, आणि तीही सायकलवाल्यांची काळी, अंगाला चिकटलेली. आमच्या गल्लीत पहिल्यांदा ती घालून निघाला तेव्हा समोरच्या घरातल्या बायकांनी दार लावून घेतलं. मी म्हटलं, "भुजंगा, वरून एक वेष्टी तरी गुंडाळ." तर म्हणतो, "वैनी, वेष्टी साखळीत अडकते. लाज की जीव, तुम्हीच सांगा."

लग्न केलं नाही. का नाही, ते मला विचारू नका. मुली दाखवल्या होत्या. एका ठिकाणी त्याने मुलीला विचारलं, तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात किती हात पाणी असतं? तिने सांगितलं, मला ठाऊक नाही. हा उठून आला.

सगळी नोकरी त्याने कालव्यांवर काढली. कावेरीचं पाणी धरणातून सुटलं की ते कुठल्या दरवाजातून कुठल्या कालव्यात किती सोडायचं, एवढंच त्याचं काम, आणि एवढंच त्याचं बोलणं. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, समुद्राकडे, जी शेतं असतात त्यांना आमच्याकडे कडैमडै म्हणतात. वरचे लोक पाणी अडवतात आणि कडैमडै कोरडी राहते, हे त्याचं आयुष्याचं दुःख. वेण्णारू नदीपासून समुद्रापर्यंत सगळ्या कालव्यांची नावं तो ओळीने म्हणायचा, एकही न चुकता. लोक विष्णुसहस्रनाम म्हणतात तसं. आंघोळ करताना म्हणायचा, त्यामुळे शेजारच्यांनाही पाठ झाली होती.

निवृत्त झाल्यावर कालवे हातातून गेले. मग त्याने माणसं धरली.

"वैनी, शरीर म्हणजे काय? कालवाच. डोकं म्हणजे धरण आणि पायाची बोटं म्हणजे कडैमडै. पाणी बोटापर्यंत पोचलं पाहिजे. पाणी सोडा!"

हे "पाणी सोडा" दिवसभर चाले. कुणाला डोकेदुखी, पाणी सोडा. कुणाची सून माहेरी निघून गेली, आधी तिला पाणी विचारलं होतं का? कुणी मेलं तर समाचाराला जाऊन विचारी, शेवटच्या दिवसांत पाणी किती होतं? लोक रडायचे थांबून त्याच्याकडे बघत.

आमच्याच गल्लीतल्या आपल्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, त्याने मातीची मडकी मांडली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून पाणी पाजी. फुलवाली, ऑटोवाला, शाळेचे मास्तर, सगळ्यांना. नको म्हणणाऱ्याच्या मागे पेला घेऊन कोपऱ्यापर्यंत जाई. कर वसुलीला आलेल्या माणसाला त्याने इतकं पाणी पाजलं की तो कर विसरून आतल्या बाजूला कुठे जायचं ते विचारू लागला.

आणि दुसरं सांगायला मला लाज नाही, कारण त्याला नव्हती. सकाळी लघवीला जाऊन आला की समोरच्या अंगणातून मला रंग सांगायचा. "वैनी, आज नारळपाणी!" किंवा, "वैनी, आज जरा मोहरीचं तेल. पाणी सोडलं पाहिजे." मी रांगोळी काढत असायची. म्हणायची, "भुजंगा, बाजूला हो. रांगोळीवर पाय पडेल." दुसरं काय म्हणणार? एका लग्नात त्याने भटजींना लाजाहोमाच्या आधी रंग विचारला होता. नवरामुलगा हसला तो सप्तपदीपर्यंत हसतच राहिला.

हे वेड मुळात कुठून आलं ते मला माहीत होतं. माझे यजमान, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, मूत्रपिंडं जाऊन वारले. शेवटी शेवटी डॉक्टरांनी पाणी तोडलं होतं. दिवसाला जेमतेम दोन लहान पेले. ते हात जोडून पाणी मागत. मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची, पण भुजंगा उशाशी बसायचा. त्याला हलता यायचं नाही, कारण त्यांनी त्याचा हात धरलेला असे. "भुजंगा, एक घोट," असं ते म्हणत आणि हा म्हणे, "संध्याकाळी देतो, अण्णा." ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी ती संध्याकाळ झालीच नाही. तेराव्यानंतर याने मडकी आणली.

मी त्याला कधी काही बोलले नाही. मडक्यांना झाकणं दिली.

सायकल आली ती त्याच्यानंतर. तंजावुरात हल्ली कॉलेजातली, कंपन्यांतली पोरं पहाटे गट करून सायकली हाणत जातात. रविवारी लांब जातात, कल्लणैपर्यंत, कुंभकोणमपर्यंत. भुजंगरावाने आपली जुनी काळी सायकल तेलपाणी करून त्यांच्यात घातली. सोबतीला त्याचा मित्र कलियपेरुमाळ, टपाल वाटून निवृत्त झालेला. जन्मभर सायकलवरून पत्रं वाटली आणि आता फुकट सायकल चालवतो म्हणून त्याची बायको त्याला वेडा म्हणते.

पोरांच्या सायकली कागदासारख्या हलक्या. त्यांच्या बाटल्यांत ते पाकिटातली भुकटी टाकतात. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं, म्हणून मीठ, साखर आणि आणखी काय काय त्या भुकटीत असतं. पाणी नारिंगी होतं. पोरं भुजंगरावालाही देत. हा हात झटकी. "रंग लावलेलं पाणी मी पीत नाही. पाणी पाण्यासारखं पाहिजे." दांडीला कूजा, मागे दोन बाटल्या, आणि प्रत्येक मैलाच्या दगडाशी थांबून घोट. तहान लागो न लागो. तहान लागल्यावर पिणारा गाढव, असं त्याचं मत. कलियपेरुमाळ आपला डबा उघडून आंबटभात, लिंबाचं लोणचं आणि तळलेल्या मिरच्या खाई. वर मिठाचं ताक पिई. हा बाजूला बसून नुसता दहीभात खाई, आणि रविवार असला की तोही अळणी.

अळणी रविवाराची गोष्ट निराळी. गेल्या पोंगलपासून ते सुरू झालं होतं. रविवारी रात्री तो माझ्याकडे जेवायला असतो, तर एका रविवारी म्हणाला, "वैनी, मला मीठ नको. आजपासून रविवारी अळणी."

"का रे? रक्तदाब निघाला की काय?"

"छे. मीठ म्हणजे गाळ. कालव्यात गाळ बसला की पाणी पुढे सरकत नाही. आठवड्यातून एक दिवस गाळ काढायचा."

मी म्हटलं, आणखी एक खूळ. त्याच्यासाठी सांबार वेगळं काढायला लागले. अळणी सांबार खाताना त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. डोळे मिटून गिळायचा आणि म्हणायचा, "फार छान." मी म्हणायची, "खोटारड्या." पण त्याने मीठ मागितलं नाही.

त्याच सुमाराला माझा डावा डोळा गेला होता. काचबिंदू. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा थेंबांवर टिकेल, डाव्यातलं जे गेलं ते परत येणार नाही. मी ते घरी सांगितलं नाही. सांगून काय, कुणी दुसरा डोळा देणार होतं? डाव्याला थोडा त्रास आहे, औषध चालू आहे, एवढंच म्हटलं.

पण भुजंगराव रोज विचारी. रांगोळीच्या वेळी, लघवीचा रंग सांगून झाला की, "वैनी, डावा काय म्हणतो?" मी म्हणे, बरा आहे. "बरा म्हणजे किती? मी दिसतो का? माझा रंग दिसतो का?" अशा चौकशांनी माझं डोकं उठे. आषाढाच्या आसपास एकदा मी कंटाळून म्हटलं, "दिसतं आता. थोडं थोडं दिसायला लागलंय. तू आपल्या घरी जा."

तो घरी गेला नाही. रांगोळीवरून उडी मारून आत आला आणि माझ्या पाया पडला. मी म्हटलं, याला ऊन लागलं. त्याच दिवशी त्याने ठरवलं की या वर्षी पाणी सुटलंय, तर आपण तंजावुरापासून कालव्याकालव्याने थेट समुद्रापर्यंत जायचं. रविवारीच. आणि मी पाहिजेच. पोरांच्या मागे सामानाची व्हॅन असते, त्यात मी बसायचं.

"मी येऊन काय करू? मला सायकल येते का?"

"समुद्र बघा, वैनी. कडैमडैच्या पुढे समुद्र. दोन्ही डोळ्यांनी बघा."

मी कधी कुठे जात नाही. गेले, कारण नाही म्हटलं असतं तर तो महिनाभर माझ्या दारात बसला असता.

मन्नारगुडीपर्यंत ठीक होतं. भात लावणी चालली होती, कालवे भरून होते, आणि हा प्रत्येक पुलावर थांबून पाण्याला हात लावून नमस्कार करत होता. मी व्हॅनच्या खिडकीतून बघत होते. ऊन चढलं. वारा समुद्राकडून येत होता, समोरून. पोरांची तोंडं लाल झाली, अंगावरच्या बनियनवर मिठाचे पांढरे डाग पडले. भुजंगरावाच्या पाठीवर तर नकाशा उमटला होता. मी ते डाग बघितले आणि मनात म्हटलं, हे कपडे धुवायचे कुणी.

तिरुत्तुरैप्पूंडीला जेवायला थांबलो. त्याने अळणी दहीभाताचे दोन घास खाल्ले आणि मळमळतंय म्हणाला. मी म्हटलं, "ऊन लागलं. पाणी पी." त्याने सगळा कूजा रिकामा केला आणि परत भरून आणला. त्याची बोटं सुजली होती. हातातली पवित्रकाची अंगठी मांसात रुतली होती. एक पोरगी, कंपनीत कामाला असलेली, म्हणाली, "तात्ता, एक पाकीट तरी घ्या. तुम्ही सकाळपासून नुसतं पाणी पिताय." तात्ता म्हणजे आजोबा.

"आज नाही. समुद्रावर घेईन."

"समुद्रावर का?"

"तिथे मीठ चांगलं मिळतं," तो म्हणाला आणि हसला. कलियपेरुमाळही हसला. मला वाटलं, या दोन म्हाताऱ्यांचं आपसातलं काहीतरी आहे.

तिथून पुढे तो बरळायला लागला. कलियपेरुमाळ शेजारून चालवत होता, त्याने नंतर सांगितलं. आधी कालव्यांची नावं म्हणायला लागला आणि मध्येच अडला. कधी अडत नाही तो. मग कलियपेरुमाळला अण्णा म्हणून हाक मारली. "अण्णा, संध्याकाळ झाली, पाणी घ्या," असं म्हणून धावत्या सायकलवरून कूजा पुढे केला. कलियपेरुमाळने ओरडून व्हॅन थांबवेपर्यंत हा रस्त्यावर होता.

तिथून मी सुरुवात केली आहे.

दवाखान्यात बाई डॉक्टर होती, माझ्या नातीच्या वयाची. रक्त तपासलं आणि आमच्यावरच तापली. किती पाणी प्यायला? सगळ्यांनी आपापला अंदाज सांगितला. तो ऐकून तिने डोक्याला हात लावला. "पाणी कमी नाही पडलं यांना. पाणी जास्त झालंय. घामातून मीठ गेलं, वर नुसतं पाणीच भरलं. रक्तातलं मीठ पातळ झालं की मेंदूला सूज येते. म्हणून हे झटके." मग माझ्याकडे वळली. "जेवणात मीठ घेतात ना?"

"रविवारी नाही."

"रविवारी का नाही?"

"गाळ काढतो म्हणतो," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मलाही ते मोठ्याने म्हटल्यावर कसंतरी वाटलं.

तेव्हा मागे उभा असलेला कलियपेरुमाळ बोलला. त्याने गळ्यातला पंचा हातात घेतला होता. "अम्मा, गाळ नाही. तुमच्या डोळ्याचं आहे."

मग त्याने सांगितलं. डोळे सूर्याचे, रविवार सूर्याचा. आमच्याकडे घरात कुणाचे डोळे गेले की रविवारी अळणी धरतात. बायका धरतात, पुरुषाने धरलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आणि ज्याच्यासाठी धरायचं त्याला सांगायचं नाही, सांगितलं तर फळ जातं. म्हणून गाळ. मी दिसतं म्हटल्यावर त्याने हा शेवटचा रविवार ठरवला होता. समुद्रावर माझा डोळा स्वतः तपासायचा, दिसतं अशी खात्री झाली की मिठागरातलं मीठ तिथेच जिभेवर ठेवून नेम सोडायचा, आणि मग माझ्या हातचं मीठ घातलेलं सांबार. कलियपेरुमाळला सगळं ठाऊक होतं, म्हणून तो हसला होता.

डॉक्टर विचारत होती, यांचं जवळचं कोण? मी हात वर केला.

पुढचे दिवस वाईट गेले. मीठ नसेतून थेंब थेंब चढवत होते, सावकाश, कारण घाईनेही मेंदू बिघडतो म्हणे. आणि पाणी तोडलं होतं. दोन लहान पेले दिवसाला. तो पुरता शुद्धीवर नव्हता, पण पाणी मागायला जेवढी शुद्ध लागते तेवढी होती. एका हाताला नळी, तो हात ओढून काढतो म्हणून पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेला. दुसऱ्या हाताने त्याने माझं मनगट धरलं होतं. "पाणी सोडा," म्हणे. ओरडून म्हणे, मग हळू म्हणे, मग नुसते ओठ हलत. "वैनी, एक घोट. पाणी सोडा."

या वेळी उठून जायला स्वयंपाकघर नव्हतं.

मी म्हटलं, "संध्याकाळी."

संध्याकाळी दिलं. घड्याळ बघून, परिचारिकेला विचारून, जेवढं म्हणाली तेवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा संध्याकाळी. मी दुसऱ्या कुणाला तिथे बसू दिलं नाही. कलियपेरुमाळ दाराशी बसून राही आणि बायकोच्या शिव्या फोनवर ऐकत राही.

मग तो नीट जागा झाला. मला ओळखलं, कलियपेरुमाळला ओळखलं. डॉक्टर आली, रक्ताचा कागद बघितला आणि म्हणाली, आता तोंडाने मीठ जायला पाहिजे. मीठ घातलेलं ताक द्या, थोडं थोडं. ते गेलं नाही तर पुन्हा खाली उतरेल, आणि या वयाला दुसऱ्यांदा झटके आले तर मी काही सांगू शकत नाही.

मी ताक आणलं. मीठ माझ्या हाताने घातलं. पेला त्याच्या तोंडाशी नेला तर त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"नाही. नेम सुटला नाही अजून."

"मला सगळं कळलंय. कलियपेरुमाळने सांगितलं."

त्याने दाराकडे असं बघितलं की तो बिचारा उठून उभा राहिला. "मग तर फळ गेलंच असेल," भुजंगराव म्हणाला. "आता पुन्हा पहिल्यापासून धरायला पाहिजे. आणि नुसते रविवार पुरणार नाहीत. रोजच अळणी धरतो."

"मरशील."

"डोळा तर येईल."

"आलाय डोळा. सांगितलं ना तुला."

"तपासतो."

मोकळा हात उचलून त्याने तळवा माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवला. घट्ट दाबला. माझ्यासमोर अंधार झाला. डाव्या डोळ्यात काहीच नव्हतं. राखाडीसुद्धा नाही.

"किती बोटं, वैनी?"

मी आयुष्यात अंदाजाने काही केलं नाही. मीठसुद्धा मी चमच्याने घालते. पण ताकाचा पेला माझ्या हातात होता आणि डॉक्टर काय म्हणाली ते कानात होतं. चुकले असते तर त्याने ते ताक घेतलं नसतं. मी त्याला ओळखते.

"दोन," मी म्हटलं.

त्याने तळवा डोळ्यावरून काढला नाही. मला वाटलं, चुकलं. मी पेला दोन्ही हातांनी धरला.

"बरोबर," तो म्हणाला, आणि हात काढला. "आणा ते ताक."

सगळं प्यायला. मीठ जास्त झालंय म्हणाला. मी म्हटलं, "गप्प पी." पेला रिकामा करून त्याने ओठ पुसले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी पेला धुवायला बाहेर आले तर कलियपेरुमाळ मागोमाग आला. नळाशी उभा राहिला. पंचा पिळत होता, जणू तो ओला होता.

"अम्मा," तो म्हणाला, "त्याने बोटं दाखवलीच नाहीत. एक हात तुमच्या डोळ्यावर होता. दुसरा खाटेला बांधलेला आहे."

मी नळ सोडला. पेला धुतला. पुन्हा धुतला.

आता आम्ही घरी आहोत. भुजंगराव सायकल काढतो, पण गावाबाहेर जात नाही, आणि त्या पोरीने दिलेलं नारिंगी पाणी तोंड वाकडं करून पितो. कालव्यांची नावं म्हणायला लागतो आणि निम्म्यावर अडतो. पुढचं येत नाही. शेजारचे न्हाणीघराच्या खिडकीतून पुढचं नाव सांगतात. मडकी तिण्णैवर आहेत, पण आता पेल्याशेजारी मिठाची बरणीही असते. लघवीचा रंग अजून सांगतो. डोळ्याचं मात्र विचारत नाही.

रविवारी जेवायला येतो. मी सांबार एकच करते, मिठाचं. तो पानावर बसतो, मी वाढते, तो जेवतो. त्या बोटांचं त्याने काही म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.

यजमान गेले. माझा डावा डोळा गेला. भुजंगराव वाचला.